नामांतर, स्थलांतर आणि सामान्यरूप : जुन्या जावा-प्रणालींच्या स्थित्यंतराची भाषिक समीक्षा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या उत्तर टोकास, ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान, दिघा हे गाव आहे. जमिनीच्या कागदपत्रांत त्याचे नाव 'दिघे' असे आढळते. लोकांच्या तोंडी आणि नवी मुंबई महानगरपालिकेच्या व्यवहारात ते 'दिघा' असे रूढ आहे. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी तेथे जे उपनगरी रेल्वेस्थानक सुरू झाले, त्याचे नाव 'दिघा गाव' असे ठेवण्यात आले. एकाच स्थळाची ही तीन नावे होत. तथापि त्यांमुळे व्यवहार अडत नाही, आणि याचे एक कारण मराठीच्या व्याकरणातच आहे. 'दिघा' हे 'घोडा' या शब्दाप्रमाणे आकारान्त पुल्लिंगी, तर 'दिघे' हे 'तळे' या शब्दाप्रमाणे एकारान्त नपुंसकलिंगी. प्रथमेत ही दोन रूपे भिन्न दिसतात. परंतु प्रत्यय लागताच दोहोंचे सामान्यरूप 'दिघ्या-' असेच होते. दिघ्याला जाणारा मनुष्य 'दिघे' या नावाच्या गावी निघाला आहे की 'दिघा' या नावाच्या, हा प्रश्न त्याच्या वाक्यापुरता उद्भवतच नाही. तिसऱ्या नावातील 'गाव' हा शब्द तर बोलण्याच्या ओघात सहज गळून पडतो. नाव बदलले तरी वापर अबाधित राहावा, अशी सोय भाषेने आपल्या रूपव्यवस्थेत करून ठेवलेली असते.

याच दिघ्यापासून ऐरोली, रबाळे, महापे असा जो औद्योगिक पट्टा पसरला आहे, त्यात कारखान्यांच्या जोडीने आणि कित्येक ठिकाणी कारखान्यांच्या जागीही, संगणकीय सेवांची कार्यालये व विदाकेंद्रे उभी राहिली आहेत. अशा कार्यालयांतून आज जगभर जे काम चालते, त्यातील एक वरकरणी नीरस परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक काम म्हणजे जुन्या जावा-प्रणाली नव्या, अंतर्भूत सर्व्हरवर नेण्याचे. हे काम तांत्रिक समजले जाते. वस्तुतः त्यातील बराच मोठा भाग नावांचा आहे : कोणते नाव बदलावयाचे, कोणते ठेवावयाचे, आणि बदललेले नाव जुन्या वाक्यांत कसे बसवावयाचे. या स्थित्यंतराच्या रूढ पद्धतीची समीक्षा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ही पद्धत नावांच्या बदलाची जितकी काळजी घेते तितकी त्या नावांमागील अलिखित संकेतांची घेत नाही, आणि त्याची किंमत मराठीसारख्या भाषांतील मजकुराला अधिक मोजावी लागते, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम नावांचा इतिहास पाहू. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनी जी भाषा घडविली, तिचे मूळ नाव 'ओक' असे होते. ते नाव व्यापारचिन्ह म्हणून आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असल्यामुळे १९९५ मध्ये तिला 'जावा' हे कॉफीशी निगडित नाव मिळाले. पुढे भाषेच्या मूळ गाभ्यातील पॅकेजांना 'जावा' आणि विस्तारांना 'जावाएक्स' असा उपसर्ग लावण्याची रीत पडली. जावाएक्समधील 'एक्स' हा विस्ताराचा निदर्शक होय. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरकडून आलेली मागणी स्वीकारून तिला उत्तर देणारी जावातील रचना, या विस्तारांपैकीच एक. म्हणून तिचे पूर्ण नाव 'जावाएक्स.सर्व्हलेट' असे झाले. परंतु ही वर्गवारी फार काळ शुद्ध राहिली नाही. १९९८ मध्ये 'जावाएक्स.स्विंग' हे पॅकेज भाषेच्या गाभ्याबरोबरच दिले जाऊ लागले, आणि तेथून पुढे 'जावाएक्स' या उपसर्गावरून एखादी वस्तू गाभ्यातील की बाहेरची हे सांगणे अशक्य झाले. उपसर्ग राहिला, त्याचा अर्थ गेला. नैसर्गिक भाषांत अशा अर्थलोपाने फारसे बिघडत नाही. येथे मात्र वीस वर्षांनी त्याचे परिणाम भोगावे लागले.

२०१७ मध्ये ओरॅकल कंपनीने जावाच्या उद्योगोपयोगी शाखेची, म्हणजे जावा ईईची, जबाबदारी एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे जाहीर केले. शाखा मिळाली, परंतु 'जावा' हे नाव मिळाले नाही. २०१८ मध्ये तिला 'जकार्ता ईई' असे नाव देण्यात आले. जकार्ता हे जावा बेटावरील शहर खरे, परंतु या क्षेत्रात ते नाव अगोदरच रुळलेले होते. १९९९ पासून अपाची फाउंडेशनचा 'जकार्ता' नावाचाच एक प्रकल्प होता. सनमधील ज्या बैठकीच्या खोलीत त्याच्या वाटाघाटी झाल्या तिचे हे नाव. टॉमकॅट हा प्रसिद्ध सर्व्हर प्रथम त्याच प्रकल्पात वाढला. तो प्रकल्प २०११ मध्ये बंद झाला आणि नाव मोकळे झाले. पुढे २०१९ मध्ये असे स्पष्ट झाले की, 'जावाएक्स' हे नामविश्व आहे तसे वापरता येईल, परंतु त्यात भर घालता येणार नाही. वाढ हवी असेल तर नाव बदलणे भाग होते. डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ या आवृत्तीने ते एका फटक्यात बदलले : 'जावाएक्स.सर्व्हलेट' हे 'जकार्ता.सर्व्हलेट' झाले. टॉमकॅटच्या नवव्या आवृत्तीत जुनी नावे राहिली, दहाव्या आवृत्तीत नवी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाने नवीच नावे स्वीकारली. मालकीच्या अडचणीतून ज्या भाषेचे नाव जन्मास आले, तिच्याच एका शाखेचे नाव त्याच कारणाने बदलावे, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

या नामांतराला मराठीच्या इतिहासात एक जवळचा दाखला आहे. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. एका बाजूस जुना शब्द, दुसऱ्या बाजूस नवा. कारभार मात्र तोच. आजची स्थित्यंतराची साधने याच जातीची आहेत. अपाचीने दिलेले रूपांतर-साधन जुनी प्रणाली घेते, तिच्यातील जुनी नावे शोधते आणि नवी घालून परत देते. टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीत तर अशा जुन्या प्रणालींसाठी वेगळा कप्पाच ठेवला आहे. परंतु कोश सिद्ध होऊनही 'दफ्तर', 'अर्ज', 'वकील' हे शब्द मराठीत टिकले आणि त्यांच्यामुळे कारभार मोडला नाही. माणसे दोन्ही शब्द समजून घेत राहिली. यंत्राला ही सहिष्णुता नाही. त्याच्यापाशी 'दिघ्या-' असे सामान्यरूप नाही. प्रत्येक वाक्यात नाव प्रथमेतच, अक्षरशः जुळलेच पाहिजे.

म्हणून दोन स्तंभांचा कोश येथे अपुरा पडतो, आणि तो तीन ठिकाणी अपुरा पडतो. पहिले असे की, 'जावाएक्स' दिसेल तेथे 'जकार्ता' लिहावे हा नियमच चुकीचा आहे. 'जावाएक्स.एसक्यूएल', 'जावाएक्स.क्रिप्टो', 'जावाएक्स.नेमिंग' ही पॅकेजे गाभ्यातील असल्याने जुन्याच नावाने राहिली. 'जावाएक्स.ट्रान्झॅक्शन' बदलले, परंतु त्याच्याच पोटातील 'जावाएक्स.ट्रान्झॅक्शन.एक्सए' बदलले नाही. उपसर्गाचा अर्थ १९९८ मध्ये गेला होता, त्याचे हे फळ. १९९५ नंतर 'बॉम्बे'चे 'मुंबई' करतानाही येथील उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव, तंत्रसंस्थेचे नाव आणि विमानतळाचा तीन अक्षरी संकेत तसेच राहिले. जो लिपिक सरसकट खोडून नवे लिहील तो न्यायालयाचेच नाव चुकवील. दुसरे असे की, जुन्या प्रणालींत कित्येक नावे वाक्यरचनेचा भाग म्हणून येत नाहीत, तर अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणून येतात. त्रुटी आल्यास तिचा क्रमांक 'जावाएक्स.सर्व्हलेट' या उपसर्गाने सुरू होणाऱ्या एका नावाखाली सापडतो, असे गृहीत धरून लिहिलेले वाक्य संकलकाला निर्दोष वाटते. नव्या सर्व्हरवर त्या नावाखाली काहीच नसते, आणि प्रणाली मुकाट्याने 'काही नाही' असे उत्तर घेऊन पुढे जाते. भाषाशास्त्रात शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांत जो भेद केला जातो, तोच येथे प्रत्यक्ष हानीचे कारण होतो. तिसरे म्हणजे, संकलन यशस्वी झाले की स्थित्यंतर पूर्ण झाले, हा रूढ समज. व्याकरणशुद्ध वाक्य निरर्थक असू शकते, हे भाषेच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

आता सर्व्हरकडे वळू. जुन्या व्यवस्थेत सर्व्हर ही स्वतंत्र संस्था असे आणि प्रणाली तिच्यात राहावयास येई. एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, पाणी, दिवाबत्ती आणि दरवाजा वाड्याने पाहावा, तसा हा प्रकार होता. प्रणालीची 'वॉर' नावाची फाइल नेमलेल्या जागी ठेवली की सर्व्हर तिला उघडी, चालवी आणि थांबवी. नव्या व्यवस्थेत सर्व्हरच प्रणालीच्या पोटात असतो. एका 'जार' फाइलीत दोन्ही बंद होतात आणि एका आज्ञेने चालू होतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे प्रणालीचे घर आता तिच्याबरोबरच हिंडते. चालविणारा कोण आणि चालणारा कोण, कर्ता कोण आणि कर्म कोण, ही विभागणीच उलटली.

या बदलाचे लाभ खरे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. सर्व्हरची आवृत्ती कोणती याविषयी संदेह उरत नाही. चाचणीच्या यंत्रावर जे चालले तेच प्रत्यक्ष सेवेत चालते. एका बिऱ्हाडाने विस्तव सांडला तर शेजारचे घर जळत नाही. उलटपक्षी, वाड्याचा दरवाजा एकदा दुरुस्त केला की सर्वांचे काम होई. आता सर्व्हरमध्ये दोष आढळला तर प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला दरवाजा बदलावा लागतो. शिवाय जुनी वाक्ये नव्या घरात निरर्थक होतात, ती निराळीच. जुनी प्रणाली सर्व्हरला विचारी, 'मी जेथे आहे ती जागा डिस्कवर कोणती?' आणि मिळालेल्या पत्त्यावर अहवाल किंवा चित्रे ठेवी. बंद जार फाइलीत अशी कायमची जागा नसल्यामुळे भरवशाचे उत्तर मिळत नाही. 'येथे' हे दर्शक अव्यय बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते. बोलणारा हलला आणि 'येथे' मात्र वाक्यात तसेच राहिले, तर त्याचा निर्देश हरवतो. स्थलांतरित प्रणालींत आढळणारे कित्येक दोष या एका वर्गात बसतात.

परंतु सर्वांत मोठी हानी वाड्याबरोबर वाड्याचे अलिखित नियम जातात ही होय. आणि येथे मराठी मजकुराचा प्रश्न उपस्थित होतो. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत, संकेतस्थळाच्या पत्त्यातून येणारी अक्षरे आयएसओ-८८५९-१ या पश्चिम युरोपीय संकेतनानुसार वाचावी, असा मूळ संकेत होता. आठव्या आवृत्तीपासून तो यूटीएफ-८ झाला. 'दिघा' हा शब्द युनिकोडमध्ये द, इकार, घ, आकार असा चार घटकांचा असतो आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक घटकास तीन, म्हणजे एकूण बारा बाइट लागतात. जुन्या सर्व्हरवर 'दिघा' असा शोध घेतला की त्या बारा बाइटांची बारा असंबद्ध लॅटिन चिन्हे होत. सर्व्हरची व्यवस्था पाहणारा जाणता असेल तर त्याने सर्व्हरच्या नियमपत्रात संकेतन बदलणारी एक ओळ लिहून ठेवलेली असे. ती ओळ प्रणालीत नव्हती. ती वाड्याच्या भिंतीवर होती.

जेथे अशी ओळ नव्हती तेथे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी दुसरा उपाय योजला. चुकीची वाचलेली बारा चिन्हे पुन्हा बाइटांत फिरवावयाची आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचावयाचे. जुन्या सर्व्हरवर या दुरुस्तीने 'दिघा' अचूक परत मिळे. नव्या सर्व्हरवर मात्र शब्द आधीच शुद्ध आलेला असतो आणि दुरुस्ती तशीच चालू राहते. ज्या संकेतनात देवनागरीला जागाच नाही त्यात तो शब्द कोंबला जातो. चार घटकांची चार प्रश्नचिन्हे होतात, आणि त्यांतून मूळ शब्द परत मिळविण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. पहिली चूक उलटविता येत होती. दुरुस्तीने केलेली चूक उलटविता येत नाही. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धीकरण म्हणतात. ज्याच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो असा मनुष्य प्रमाणभाषा बोलण्याच्या दक्षतेने 'मन'चेही 'मण' करून बसतो. तद्वत कारण नाहीसे झाल्यावर उरलेला उपाय हाच रोग होतो. अशी प्रणाली नव्या नावांनिशी निर्वेध संकलित होते, सुरू होते आणि इंग्रजी मजकुरावर उत्तम चालते. इंग्रजी अक्षरांचे बाइट दोन्ही संकेतनांत एकच असल्यामुळे इंग्रजीत घेतलेल्या चाचणीला हा दोष कधीच दिसणार नाही.

या प्रश्नाचा विद्यापीठांशी असलेला संबंध दूरचा नाही. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेली डीस्पेस ही संग्रह-प्रणाली जावात लिहिलेली असून भारतातील अनेक ग्रंथालये ती वापरतात; गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'शोधगंगा' हा प्रबंधसंग्रहही तिच्यावरच उभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाल्यापासून मराठी विभागांतील संशोधनही अशा संग्रहांत जमा होत आले आहे. डीस्पेसच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत टॉमकॅटचे संकेतन यूटीएफ-८ करून घ्यावे, अशी सूचना तिच्या मार्गदर्शिकेत असे. २०२१ मधील सातव्या आवृत्तीत जुनी पाने जाऊन स्प्रिंग बूटवर आधारलेली नवी रचना आली. २०२४ मधील आठव्या आवृत्तीत जकार्ता नावे आली आणि सर्व्हर पोटात घेऊन चालणारी जार फाइल हा पर्यायही आला. म्हणजे या निबंधात वर्णिलेली दोन्ही स्थित्यंतरे एकाच प्रणालीत तीन वर्षांच्या आत घडली. ज्या ग्रंथालयांनी जुन्या आवृत्तीत आपापल्या सोयीच्या दुरुस्त्या केल्या असतील, त्यांना त्या एकेक करून तपासाव्या लागणार.

याच डीस्पेसमध्ये या प्रश्नाचे एक उत्तरही आहे. संग्रहातील प्रत्येक नोंदीस 'हँडल' नावाचा स्थायी संकेत मिळतो. शोधगंगेतील नोंदींचा संकेत १०६०३ या अंकांनी सुरू होतो. या अंकांना अर्थ नाही, अभिमान नाही आणि व्यापारचिन्हाचे मूल्यही नाही. म्हणूनच सर्व्हर बदलला, नामविश्व बदलले, पत्ता बदलला तरी संकेत तोच ठेवता येतो. पाणिनीने आपल्या शास्त्रात 'टि', 'घु', 'भ' अशा अर्थहीन संज्ञा योजल्या त्यामागेही हीच दृष्टी दिसते : शास्त्राबाहेर ज्यांना काही अर्थ नाही अशा संज्ञा शास्त्राबाहेरील घडामोडींनी बदलत नाहीत. 'जावाएक्स'चा मूळ दोष असा की, ते एकाच वेळी ओळखण्याचा संकेत होते आणि मालकीचे नावही होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, एका फटक्यात केलेले नामांतरच अंती हितावह. थोडेथोडे बदलत राहिले असते तर गोंधळ अधिक झाला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु एकदम बदल आणि जुन्याचा उच्छेद या एकच गोष्टी नव्हेत. जेटी या सर्व्हरच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीने जुन्या आणि नव्या दोन्ही नावांच्या प्रणाली एकाच वेळी चालविण्याची सोय केली. हा द्वैभाषिक मार्ग अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही अशीच मर्यादा आखलेली आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मुळाप्रमाणे छापावे, पुढचे नव्या नियमांनी छापावे, असा तो संकेत आहे. नवा नियम कोठपासून लागू आणि कोठे लागू नाही हे जेथे लिहून ठेवलेले असते, तेथे जुन्या मजकुराला धोका राहत नाही.

तेव्हा स्थित्यंतराच्या परीक्षणात दोन गोष्टींची भर पडणे अगत्याचे आहे. पहिली, नावांच्या कोशाबरोबर संकेतांचीही यादी करणे. जुन्या सर्व्हरच्या नियमपत्रातील प्रत्येक ओळ कशासाठी होती आणि आज्ञावलीतील प्रत्येक दुरुस्ती कोणत्या चुकीसाठी होती, हे नोंदविल्यावाचून स्थलांतर करू नये. दुसरी, चाचणी मराठीत घेणे आणि तीही विचारपूर्वक निवडलेल्या शब्दांनी. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' ही जोडी मराठीच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. संगणकात पहिल्या शब्दातील अर्ध्या 'र'ची खूण कित्येकदा एका अदृश्य जोडचिन्हावर अवलंबून असते. मजकूर स्वच्छ करणाऱ्या एखाद्या चाळणीने ते निरुपयोगी समजून गाळले की स्वयंपाक्याचा आचार्य होतो. अशी पाचपन्नास वाक्ये जुन्या व नव्या प्रणालीतून पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहणे हे काम यंत्राचे असले, तरी ती वाक्ये निवडणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. मराठी विभागांनी ते आपले मानले पाहिजे. कारण प्रबंध त्यांचे आहेत.

दिघ्याच्या स्थानकावरून ऐरोली-महाप्याकडील कार्यालयांत जाणाऱ्या कोणासही आपल्या गाडीचे गाव 'दिघा' की 'दिघे' याची फिकीर करावी लागत नाही; शतकानुशतके बोलणाऱ्यांनी घडविलेले एक सामान्यरूप ती फिकीर त्याच्यासाठी वाहते. यंत्राच्या भाषेत असे सामान्यरूप आपोआप घडत नाही. ते स्थलांतर करणाऱ्याने जाणीवपूर्वक लिहून ठेवावे लागते, आणि न लिहिल्यास त्याची उणीव प्रथम भासते ती शोधाच्या चौकटीत आपल्या भाषेतील शब्द घालून समोर चार प्रश्नचिन्हे पाहणाऱ्या वाचकाला.